झेक तत्त्वज्ञान: एका निबंधात महिनाभर मुक्काम करा

झेक भाषा येत नाही, तर झेक तत्त्वज्ञान कुठून सुरू करू, आधी एखादा इतिहास वाचून काढू का, असं तुम्ही विचारलंत. इतिहास मागाहून वाचा. कोमेनियस, मासारिक, कोसीक ही नावं ओळीने पाठ होतील, पण हाती काही लागणार नाही. झेक तत्त्वज्ञ यान पातोच्काच्या 'पाखंडी निबंधां'मधला (१९७५) सहावा निबंध घ्या, विसाव्या शतकातल्या युद्धांवरचा. इंग्रजी अनुवाद आहे. महिनाभर तोच वाचा.

मी तो पहिल्यांदा भराभर वाचला आणि साफ चुकलो. त्यात 'दिवस' आणि 'रात्र' हे शब्द सारखे येतात. दिवस चांगला, रात्र वाईट, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक 'दिवस' पेन्सिलीने अधोरेखित केला आणि समासात लिहीत गेलो: इथे दिवस माणसाला काय करायला लावतोय? तेव्हा कुठे उलगडा झाला. शांतता, प्रगती, उद्याचं सुखी आयुष्य ही सगळी दिवसाची आश्वासनं, आणि त्यांच्याच नावाने लाखो माणसं आघाडीवर मरायला पाठवली जातात. आघाडीच्या रात्री ही पकड सुटते आणि समोरच्या खंदकातला शत्रूसुद्धा आपल्यासारखाच हादरलेला दिसतो. 'हादरलेल्यांची एकजूट' हे पातोच्काचे गाजलेले शब्द इथून येतात. सुटे उचलले तर ते घोषणेसारखे वाटतात.

भाषा येत नसली तरी मोजके शब्द मुळातून तपासाच. प्लेटोकडून घेतलेलं पातोच्काचं सूत्र आहे 'आत्म्याची काळजी'. आपण मराठीत काळजी करतोही आणि घेतोही. झेकमध्ये चिंतेकडे झुकणारा शब्द 'स्तारोस्त', आणि जपणूक, देखभाल या अर्थाचा 'पेचे'. पातोच्का इथे 'पेचे' म्हणतो. हे कळल्यापासून माझ्या वहीत 'आत्म्याची निगा' असंच लिहिलेलं असतं. निगा रोज राखावी लागते, आणि त्याला तेच म्हणायचंय.

असं सावकाश वाचणं या परंपरेच्या अंगातच आहे. १९७२ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने पातोच्काला विद्यापीठातून सक्तीने निवृत्त केलं, तेव्हा तो खासगी बैठकींत शिकवत राहिला. १९७३ ची 'प्लेटो आणि युरोप' ही व्याख्यानं तशीच झाली. मजकूर टाइपरायटरवर कार्बन घालून हातोहात फिरायचे. अशी एक प्रत मिळाली की माणूस ती चाळत बसत नाही. पुढे तो चार्टर ७७ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा प्रवक्ता झाला आणि पोलिसांच्या लांबलचक चौकशांनंतर १३ मार्च १९७७ ला, ६९ व्या वर्षी गेला.

पातोच्काचा निबंध झाला की झेक नाटककार वात्स्लाव हावेलचा 'शक्तिहीनांची शक्ती' (१९७८) हा निबंध घ्या, पातोच्काच्याच स्मृतीला अर्पण केलेला. त्यातला भाजीवाला 'जगातील कामगारांनो, एक व्हा' ही पाटी कांदे-गाजरांच्या मधे लावतो. तिथे थांबा. ती पाटी नेमकं कोण वाचतं, आणि ती नसती तर कुणाच्या लक्षात आलं असतं, हे आधी कागदावर लिहून काढा, मगच पान उलटा.