वाचकांचे प्रश्न: क्रोन्सचं इंजेक्शन बदलण्याआधी

*क्रोन्स म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि जखमा करणारा दीर्घ आजार. त्यासाठीच्या बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या) इंजेक्शनांबद्दल सातारा-सांगलीकडून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.*

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी मिरजेत इन्फ्लिक्सिमॅबचं सलाईन सुरू केलं, तेव्हा त्याचं वजन ४२ किलो होतं. दर आठ आठवड्यांनी दोन कुप्या देतात. पहिलं वर्ष छान गेलं, वजन ५२ वर आलं. आता सहाव्या आठवड्यापासूनच पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. औषध बदलायचं म्हणतायत. बदलावं का, आणि मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे? (कराड)

उत्तर : तुमच्या पत्रातला वजनाचा आकडा फार महत्त्वाचा आहे. इन्फ्लिक्सिमॅबचा नेहमीचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम असतो आणि एका कुपीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. ४२ किलोला २१० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे दोन कुप्या जेमतेम पुरत होत्या. ५२ किलोला २६० लागतात. त्याच दोन कुप्या चालू असतील तर मुलाला किलोमागे चारसुद्धा मिलिग्रॅम मिळत नाहीत. औषधाचा गुण आला, वजन वाढलं, पण डोस जुन्याच वजनावर राहिला असं झालेलं असू शकतं. पुढच्या खेपेला केसपेपरवर त्या दिवशीचं वजन लिहून घ्या आणि हा हिशेब डॉक्टरांसमोर ठेवा.

त्याच वेळी एक रक्ततपासणी मागा: औषधाची रक्तातली पातळी आणि औषधाविरुद्धच्या अँटीबॉडी (औषध निकामी करायला शरीर बनवतं ती प्रथिनं). रक्त सलाईन लावण्याच्या दिवशी, सलाईन सुरू होण्याआधी काढायचं. सलाईननंतर आठवड्याभराने काढलं तर पातळी भरपूर दिसते आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. सोबत सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्या करून घ्या: रक्तातलं सीआरपी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. जुलाब आहेत, तेव्हा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची तपासणीही हवीच. संसर्गाचे जुलाब क्रोन्सच्या नावावर जातात आणि चांगलं चाललेलं औषध उगाच बंद होतं.

पातळी साधारण मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आणि अँटीबॉडी नाहीत, असं आलं तर औषध बदलायचं नाही, वाढवायचं. एक तर डोस किलोमागे १० पर्यंत न्यायचा, नाही तर अंतर आठाचं सहा आठवड्यांवर आणायचं. पातळी जवळपास शून्य आणि अँटीबॉडी भरपूर असतील तर शरीराने हे औषध नाकारलंय. मग त्याच गटातलं, घरी टोचता येणारं अडालिमुमॅब चालू शकतं, पण जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन असलेलं बरं, म्हणजे नव्या औषधाविरुद्ध पुन्हा तसंच होण्याची शक्यता कमी होते. ती गोळी सुरू करण्याआधी एनयूडीटी १५ ही जनुकाची तपासणी करा. या जनुकातला बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो आणि तो असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी या गोळीने झपाट्याने उतरतात. तपासणी चांगली आली तरी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नका.

पातळी उत्तम आहे आणि तरीही सूज आहे, तर मात्र गटच बदलावा लागतो: वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब किंवा रिसांकिझुमॅब. आणि कॅलप्रोटेक्टिन, सीआरपी नॉर्मल असून फक्त जेवणानंतर कळा येत असतील तर एमआर एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) करून आतडं कुठे अरुंद झालंय का ते बघा. जुना व्रण घट्ट होऊन झालेली अरुंद जागा कुठल्याही इंजेक्शनने मोकळी होत नाही. तिथे फुगा घालून वाट रुंद करणं किंवा शस्त्रक्रिया हाच उपाय.

एवढं आग्रहाने सांगतोय, कारण ही औषधं मोजकी आहेत, आणि पहिलं निष्फळ ठरल्यावर दुसऱ्याचा गुण येण्याची शक्यता साधारणपणे कमीच होते. कारण न शोधता एक औषध संपवणं परवडणारं नाही.

बदलायचंच ठरलं तर मध्ये मोकळे दिवस ठेवावे लागत नाहीत. जुन्याचा पुढचा डोस ज्या दिवशी होता त्याच दिवशी नवीन सुरू होतं, त्रास जास्त असेल तर त्याआधीही. पोटात गळू किंवा ताप असेल तरच आधी त्यावर उपचार. नव्या औषधाचे सुरुवातीचे मोठे डोस पूर्ण घ्यायचे. अडालिमुमॅबचे पहिल्या दिवशी १६०, दोन आठवड्यांनी ८० आणि मग दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम. उस्टेकिनुमॅबचा पहिला डोस शिरेतून, वजनानुसार (५५ किलोपर्यंत २६० मिलिग्रॅम). वेडोलिझुमॅब ३०० मिलिग्रॅम, ० / २ / ६ आठवड्यांना. ते सावकाश काम करतं, क्रोन्समध्ये १४ आठवडेसुद्धा लागतात. तोवर डॉक्टर स्टेरॉइडचा आधार देतात. "महिना झाला, फरक नाही" म्हणून ते सोडू नका.

प्रश्न : पहिल्या इंजेक्शनआधी टीबीची तपासणी झाली होती. आता औषध बदलताना पुन्हा सांगितलीय. खर्च कशाला? (विटा)

उत्तर : कारण पहिला निकाल त्या दिवसापुरता होता. आपल्याकडे टीबीच्या जंतूशी गाठ कधीही पडते, आणि इन्फ्लिक्सिमॅब-अडालिमुमॅबचा गट शरीरात झोपलेला टीबी जागा करतो. शिवाय लहान आतड्याच्या टोकाचा टीबी दुर्बिणीतून हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो. औषध लागू पडत नसेल तर मूळ निदान पुन्हा पडताळायला ही चांगली वेळ आहे. छातीचा एक्स-रे आणि इग्रा (टीबीची रक्ततपासणी) किंवा मँटू (टीबीची त्वचेवरची तपासणी) करून घ्या. स्टेरॉइड चालू असताना इग्राचा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून गोळ्यांची यादी लॅबला आणि डॉक्टरांना दाखवा. सुप्त टीबी निघाला तर त्याची औषधं किमान महिनाभर आधी सुरू करून मग इंजेक्शन. त्याच रक्तात हिपॅटायटिस बीही बघतात.

निकाल चांगला आला तरी संध्याकाळचा ताप, मानेत गाठ, पोटात पाणी किंवा कारण नसताना वजन उतरणं दिसलं तर पुढचा डोस थांबवून आधी दाखवा. या औषधांवर टीबी बऱ्याचदा फुफ्फुसाबाहेर निघतो, त्यामुळे खोकला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : पूर आला की आमच्याकडे वीज जाते. फ्रीजमधल्या अडालिमुमॅबच्या पेनचं (औषध भरलेल्या इंजेक्शनचं) काय करायचं? (सांगलीवाडी)

उत्तर : सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की बॉक्स भरा, दिवे जाण्याची वाट बघू नका. जाड थर्माकोलचा डबा, दोन-तीन जेल पॅक, आणि पेन मूळ खोक्यासह टॉवेलात गुंडाळून, म्हणजे बर्फ थेट लागणार नाही. २ ते ८ अंश हवेत, साधा डिजिटल थर्मामीटर आत ठेवा. पेन एकदा गोठलं की वितळल्यावरही टाकूनच द्यायचं. उष्णतेपेक्षा ही चूक जास्त होते, कारण लोक घाईत ते फ्रीझरमध्ये ठेवतात. मूळ ब्रँड २५ अंशांखाली १४ दिवस बाहेर चालतो. भारतीय कंपन्यांच्या पेनची मुदत वेगवेगळी असते, खोक्यातला कागद आजच वाचून तारीख वर लिहून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये एकापेक्षा जास्त पेन घरात साठवू नका.

प्रश्न : सलाईनवर मला पूर्ण आराम आहे, पण दर वेळी पुण्याला जावं लागतं. घरी टोचायचं घेऊ का? (वाई)

उत्तर : केवळ सोयीसाठी नको. बेल्जियममध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला (निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला). इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिर असलेल्यांना अडालिमुमॅबवर नेलं, तर वर्षभरात ४७ टक्के लोकांना डोस वाढवावा लागला किंवा औषध सोडावं लागलं. सलाईनवरच राहिलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. त्यापेक्षा पुण्याच्या डॉक्टरांकडून डोस, वेग, फिल्टर आणि रिअ‍ॅक्शन आली तर काय द्यायचं याचं पत्र घ्या आणि साताऱ्यात आयसीयू असलेल्या रुग्णालयात सलाईन लावा. विम्याच्या दृष्टीनेही दवाखान्यात दिलेलं इंजेक्शन सोपं जातं. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत मोनोक्लोनल अँटीबॉडीची इंजेक्शनं (इन्फ्लिक्सिमॅब त्यातलंच) आधुनिक उपचारांच्या यादीत घातली होती. मात्र पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा घातलीय का, ते आधी बघा.

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे, अडालिमुमॅब चालू आहे. बाळाला काही धोका? (फलटण)

उत्तर : औषध स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणात आजार उसळणं बाळाला जास्त घातक असतं. स्तनपानही चालतं. लक्ष ठेवायचं ते लसींवर. शेवटच्या तीन महिन्यांत औषध वारेतून बाळात उतरतं आणि काही महिने राहतं. आपल्याकडे जन्मताच टीबीवरची बीसीजी टोचतात, ती जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात दुबळे केलेले जिवंत जंतू असतात. आईला इन्फ्लिक्सिमॅब चालू असलेल्या एका बाळाचा तिसऱ्या महिन्यात दिलेल्या बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद ब्रिटनमधून २०१० मध्ये आली होती. म्हणून बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकला, आणि रोटाव्हायरस व पोलिओच्या थेंबांबद्दल बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारा. बाकीच्या, जिवंत नसलेल्या लसी वेळेवरच द्यायच्या. बाळंतपणाच्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवा: "बीसीजी देऊ नये, आईला अडालिमुमॅब चालू". रात्रीच्या पाळीतली नर्स तेच पान आधी बघते.