मेफ्लॉवरवाल्यांनी धर्मस्वातंत्र्य आणलं का? उत्तर जरा लांब आहे

तुम्ही विचारलंय की मेफ्लॉवरवाले, म्हणजे मेफ्लॉवर जहाजाने इंग्लंडहून गेलेले लोक, धर्मासाठी छळ सोसून अमेरिकेत आले, मग लोकशाही आणि धर्मस्वातंत्र्य तिथे पहिल्यापासूनच होतं ना? अर्धं बरोबर आहे, घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

1620 मध्ये जहाजावर 41 पुरुषांनी मिळून कारभार चालवायच्या करारावर सह्या केल्या हे खरं, पण त्यात तत्त्वापेक्षा अडचण मोठी होती. वस्ती करायचा परवाना व्हर्जिनियाच्या हद्दीचा, जहाज लागलं बरंच उत्तरेला, आणि बरोबरचे काही जण म्हणायला लागले की इथे आमच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही, मग उतरायच्या आधीच घाईघाईने कागद केला. दहा वर्षांनी शेजारी मॅसॅच्युसेट्स बे वसाहत झाली, तिथे तर 1631 पासून मताचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. निवडणुका होत होत्या हो, पण मतदारयादी चर्चच्या दारातून यायची. त्यांना मोकळीक हवी होती ती स्वतःच्या पंथापुरती.

रॉजर विल्यम्स हा तिथलाच पाद्री. तो म्हणायला लागला की इथली जमीन मूळ रहिवाशांची आहे, इंग्लंडचा राजा ती वाटणार कोण, आणि रविवार पाळला नाही म्हणून सरकारने शिक्षा करायची नाही, तो माणसाचा आणि देवाचा मामला. 1635 मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला, भर हिवाळ्यात बर्फातून निघाला बिचारा, नॅरॅगॅन्सेट लोकांच्या कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी या प्रमुखांनी जागा दिली तिथे 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. गावाच्या करारात लिहिलं की बहुमताचा निर्णय मान्य, पण फक्त ऐहिक गोष्टींत. माझ्या मते सगळं मर्म या एका अटीत आहे.

आता ती कागदावरच राहिली का? तर 1638 चा एक किस्सा बघा. जोशुआ व्हेरिन नावाचा गावकरी बायकोला, जेनला, विल्यम्सच्या घरच्या प्रार्थनेला जाऊ देईना, मारहाणही करायचा. प्रकरण गावसभेत आलं. एक जण म्हणाला बायकोने नवऱ्याचं ऐकायचं ही देवाचीच आज्ञा, दुसऱ्याने सुनावलं की असं बायकांना अडवायला लागलात तर देशभरच्या बायका ओरडतील. शेवटी ठराव झाला की याने बायकोच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर गदा आणली, याचं मत काढून घ्या. लक्षात घ्या, मारहाणीसाठी नाही, आणि जेनला स्वतःला मत नव्हतंच! व्हेरिन रागारागाने तिला घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला परत गेला.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना हाकला असा दबाव शेजारच्या वसाहतींनी 1657 मध्ये आणला तेव्हा ऱ्होड आयलंडने, म्हणजे प्रॉव्हिडन्स ज्या वसाहतीत होतं तिने, साफ नकार दिला. विल्यम्सला स्वतःला क्वेकर अजिबात पटायचे नाहीत, 1672 मध्ये म्हातारपणी त्याने त्यांच्याशी जाहीर वाद घातला, पण वादच घातला, फास नाही. बॉस्टनमध्ये 1660 मध्ये मेरी डायरला क्वेकर म्हणूनच फाशी दिलं होतं. ऱ्होड आयलंडला मिळालेल्या 1663 च्या राजाच्या सनदेत हे स्वातंत्र्य लेखी आलं.

पण लगेच ऱ्होड आयलंडवाल्यांना डोक्यावर घेऊ नका. पुढे तिथल्या कायद्यात मताचा हक्क प्रोटेस्टंटांपुरता झाला, आणि तिथल्याच न्यूपोर्ट गावचा ज्यू व्यापारी ॲरन लोपेझ याला 1762 मध्ये ऱ्होड आयलंडने नागरिकत्व नाकारलं. त्याने ते शेवटी मिळवलं कुठून, तर मॅसॅच्युसेट्समधून.