अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णालयात जंतुसंसर्ग : आधी नर्सिंगची कागदपत्रे मागा

खानापूर तालुक्यातील एका वडिलांचा प्रश्न : तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या आमच्या मुलीला बेळगावातील खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नवव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग झाला. ती बरी होऊन घरी आली, पण मुक्काम आणि बिल खूप वाढले. एकाच हातमोज्यांनी दोन बाळांना हाताळलेले आम्ही पाहिले. रुग्णालय संमतिपत्रावरील सहीकडे बोट दाखवते आणि कागदपत्रेही देत नाही.

उत्तर : संमतिपत्र उपचारातील स्वाभाविक जोखमीपुरते असते, हलगर्जीपणाला त्याने माफी मिळत नाही. मात्र एवढ्या लहान बाळाची त्वचा नाजूक, प्रतिकारशक्ती अपुरी आणि अंगावर नळ्या असल्याने उत्तम काळजी घेऊनही संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे केवळ संसर्गावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. हातांची स्वच्छता आणि नळ्यांची निगा नेमाने राखली गेली का, यावर आपली बाजू उभी राहील.

त्याचा पुरावा रुग्णालयाच्याच कागदांत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार अर्ज केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे देणे बंधनकारक असून, ती उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात. इंग्रजी किंवा कन्नडमध्ये अर्ज लिहून स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि त्यात नर्सिंग नोट्स, शिरेतील नळी घातल्याची व बदलल्याची नोंद, ब्लड कल्चरचे (रक्तातील जंतूंच्या तपासणीचे) अहवाल, औषधांचा तक्ता हे नावानिशी मागा, कारण मोघम अर्जाला नुसते डिस्चार्ज कार्ड हाती ठेवण्याची रीत मी वारंवार पाहिली आहे. हातमोज्यांचा प्रसंगही तारीख, वेळ, पाळी यांसह आजच लिहून ठेवा.

नर्सच्या चुकीला रुग्णालय जबाबदार असते आणि बाळाबरोबर आईवडीलही ग्राहक ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात 1998 मध्येच स्पष्ट केले आहे. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा. उपचारांसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारीसोबत दुसऱ्या नवजात शिशुतज्ज्ञाचे लेखी मत जोडता आले, तर प्रकरणाला खरे बळ येईल. पोलिसांकडे जाण्याची घाई मात्र करू नये. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आपण सांगितलेल्या हकिकतीत आज तरी तेवढा आधार मला दिसत नाही.