प्लेटलेट नॉर्मल आहेत, मग स्टेंटनंतरच्या गोळ्या थांबवता येतील का?

तुम्ही विचारलंय की बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या तुमच्या वडिलांना हार्ट अटॅकनंतर चार महिन्यांपूर्वी औषधी लेपाचा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. अ‍ॅस्पिरिन 75 आणि क्लोपिडोग्रेल 75 चालू आहेत. रिपोर्टमध्ये प्लेटलेट (गुठळी करून रक्त थांबवणारे रक्तातले बारीक कण) 2.4 लाख, म्हणजे नॉर्मल. आता दाढ काढायची आहे, तर आठ दिवस गोळ्या बंद ठेवू का?

स्वतःहून एक दिवसही बंद ठेवू नका.

रिपोर्टमधला आकडा प्लेटलेट किती आहेत एवढंच सांगतो. 1.5 ते 4.5 लाख हे नॉर्मल. त्या किती लवकर चिकटतात, हे त्यातून कळत नाही. आणि त्या कधी चिकटणार, हे बरंचसं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर ठरतं. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं, पण ते सतत नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही रसायनं सोडून प्लेटलेटना शांत ठेवतं. अस्तर असं काही सोडतं, हे आधी कळलं ते रक्तवाहिनी सैल पडण्यावरून: 1980 साली शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर दाखवलं की अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन टाकल्यावर पट्टी सैल पडते, आणि अस्तर घासून काढलं की सैल पडतच नाही.

तंबाखू, बीपी, साखर आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांनी हे अस्तर बिघडतं. त्याखालचा चरबीचा थर फुटला की भिंतीतलं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. प्लेटलेट तिथे चिकटतात, गोल चकतीच्या काटेरी होतात आणि एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही संदेश देणारी रसायनं सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात. मग रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन त्यांना एकमेकींशी बांधतं आणि गुठळी तयार होते.

अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम कायमचं बंद करतं, क्लोपिडोग्रेल एडीपीचा संदेश घेणारी जागा अडवतं. रक्त काही पातळ होत नाही, ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ हे नाव चुकीचं पडलंय. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट रक्तात येतात. म्हणजे गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांतच चिकटू शकणाऱ्या प्लेटलेट पुरेशा जमतात.

आणि तिकडे स्टेंटवर अजून अस्तर चढलेलं नसू शकतं. फुगा फुगवताना अस्तर फाटतं, आणि स्टेंटच्या आत पेशींची वाढ होऊन तो अरुंद होऊ नये म्हणून दिलेला औषधी लेप नवं अस्तरही सावकाश चढू देतो. म्हणून अटॅकनंतर दोन्ही गोळ्या साधारण 12 महिने देतात. रक्तस्रावाचा धोका पाहून हा काळ डॉक्टर कमी-जास्त करतात. त्याआधी स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा मोठा अटॅक येतो, जिवावरही बेततं.

दाढेतून येणारं रक्त मात्र डोळ्यांसमोर असतं आणि दाबून थांबवता येतं. बहुतेक वेळा दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढतात. दंतवैद्यांना स्टेंटची तारीख आणि दोन्ही गोळ्यांची नावं आधी सांगा, हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी न्या. वेळ सकाळची घ्या, एका वेळी एकच दाढ. नंतर गॉज 20 ते 30 मिनिटं घट्ट चावून ठेवायचा, दर दोन मिनिटांनी काढून बघायचा नाही. त्या दिवशी जोरात चूळ भरू नये. टाके किंवा रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा बोळा हे दंतवैद्य ठरवतील.

दुखायला लागलं की घरातली आयबुप्रोफेन काढली जाते, तिथेच चूक होते. ती अ‍ॅस्पिरिनच्या आधी पोटात गेली तर एन्झाइमवरची अ‍ॅस्पिरिनचीच जागा अडवते आणि अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कमी होतो. शिवाय पोटात रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. दाढदुखीला पॅरासिटामॉल विचारून घ्या. अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ते क्लोपिडोग्रेलला यकृतात पुरेसं सक्रिय होऊ देत नाही. बहुधा पँटोप्राझोल देतील.

उत्तरायणाला मांज्याने बोट कापलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागेल. शौचाला डांबरासारखी काळी झाली, किंवा छातीत पुन्हा दाब आला, तर थेट इमर्जन्सीत न्या.