कन्सेंट टर्म्सवर सही करायच्या आधी

अरे,

ॲस्बेस्टॉसच्या आजाराने गेलेल्या त्या कामगाराच्या केसमधला तुझा कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे तडजोडीच्या अटींचा, ड्राफ्ट वाचला, आणि त्याखाली चिडून टाकलेला मेसेज पण, की कंपनी तयार, त्याची बायको म्हणजे ताई तयार, आकडा ठरला, तरी कोर्टाने चार प्रश्न विचारून पुढची तारीख दिली, आता आणि काय पाहिजे. अरे, या केसमध्ये एक पार्टी अशी आहे जिने अजून हो म्हटलेलंच नाही, आणि तिला म्हणता पण येत नाही, कारण तो त्यांचा मुलगा आहे, नऊ वर्षांचा आहे आणि चौथीत शिकतोय. त्याच्या वतीने आई हो म्हणते, तू हो म्हणतोस, पण कायद्याला तेवढं पुरत नाही. जज साहेबांनी तुला अडवलं नाही, त्या पोराने मोठा झाल्यावर विचारले असते ते प्रश्न त्यांनी आत्ताच विचारले.

सीपीसीची, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची, ऑर्डर ३२ पुन्हा उघड, रूल ७, नुसतं हेडिंग नको, पूर्ण वाच. कोर्टाची परवानगी, तीही रेकॉर्डवर स्पष्ट लिहिलेली, असल्याशिवाय अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाच्या वतीने तडजोड करता येत नाही. केली तर ती मुलावर बंधनकारक राहत नाही, त्याला ती रद्द करून घेता येते, बाकीच्यांना ती सोय नाही. म्हणजे काय लक्षात घे, मंजुरीची गरज तुझ्यापेक्षा कंपनीला जास्त आहे, कारण उद्या हा मुलगा उभा राहिला तर पैसे देऊन पण त्यांची सुटका झालेली नसेल. तू मात्र त्यांच्या वकिलाशी असा बोलतोयस जसं ते उपकार करतायत.

त्याच रूलमध्ये १९७६ च्या दुरुस्तीने पोटनियम आला, अर्जासोबत आईचं ॲफिडेव्हिट लागतं आणि वकील असेल तर वकिलाचं सर्टिफिकेट, की माझ्या मते ही तडजोड मुलाच्या हिताची आहे. तू ते एका ओळीत उरकलंयस. का हिताची आहे ते लिही ना. आकडा कसा काढला, पुराव्यात कच्चं काय आहे, केस शेवटपर्यंत लढली तर किती वर्षं जातील, हे सगळं त्यात यायला हवं. सर्टिफिकेटवर सही तुझी आहे, माझी नाही आणि ताईंची तर नाहीच.

आकड्याबद्दल. कोर्ट सगळ्यात आधी हेच बघेल की कामगार भरपाईच्या कमिशनरकडे गेले असते तर किती मिळाले असते. १९२३ च्या एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये मृत्यूसाठी फॉर्म्युला सोपा आहे, महिन्याच्या पगाराचा निम्मा गुणिले वयाचा फॅक्टर, आणि पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून धरतात जास्तीत जास्त १५,०००. वडील ४५ पूर्ण होते, फॅक्टर १६९.४४, म्हणजे ७,५०० गुणिले १६९.४४, झाले १२,७०,८००. वर उशिराबद्दल १२ टक्के व्याज. हा तुझा तळ. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण तुझी केस त्याच्या आधीची, तेव्हा उगाच गोंधळ करू नकोस.) तुम्ही सिव्हिल कोर्टात आलात, फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट १८५५ खाली, ते याच १५,००० च्या मर्यादेमुळे, आणि दोन्ही दारं एकदम ठोठावता येत नाहीत. मग तुझा तीस लाखाचा आकडा या तळाच्या किती वर आहे आणि का आहे, एवढं दोन पॅरात मांडलंस तरी साहेबांचा अर्धा प्रश्न सुटतो. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड होतं का हे परत एकदा विचार. असेल तर त्या कायद्याचं कलम ५३ आडवं येतं, कंपनीकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, आणि सगळा खेळच बदलतो. कॉन्ट्रॅक्टरकडचा माणूस होता म्हणजे बहुतेक नसेल, पण बहुतेकवर ॲफिडेव्हिट होत नाही.

पुराव्यात तुमची बाजू तुला वाटते तेवढी लंगडी नाही. बायोप्सीत मेसोथेलिओमा आलाय, आणि हा कॅन्सर ॲस्बेस्टॉसशिवाय क्वचितच होतो. वीस-पंचवीस वर्षं बॉयलरवरचं आणि स्टीम पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, खरवडून काढणाऱ्या माणसाला तो कुठून आला हे सांगायला मोठा एक्स्पर्ट लागत नाही. एवढ्या वर्षांनी कसा काय, हा कंपनीचा सवाल तर हास्यास्पदच आहे, या आजाराला वर यायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. आणि मस्टर नाही, रेकॉर्ड नाही असं म्हणाले तर त्यांच्यासमोर सुप्रीम कोर्टाचा २७ जानेवारी १९९५ चा कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरचा निकाल ठेव. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराचं आरोग्य रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं, असं तिथे स्वच्छ सांगितलंय.

आता क्लॉज ११ कडे ये. माझी झोप त्यानेच उडवली. "वादी क्र. १ ते ३ यांचे ॲस्बेस्टॉसच्या संपर्कातून उद्भवणारे आजचे व भविष्यातील सर्व दावे संपुष्टात आले." हे त्यांच्या वकिलाने टाकलं आणि तू टायपिंगच्या चुका सुधारून तसंच ठेवलंस. अरे बाबा, तो माणूस रोज कामाचेच कपडे घालून घरी यायचा, बारा बाय पंधराच्या खोलीत पोर त्याच्या अंगावर चढायचं, ताई ते कपडे मोरीत झटकून धुवायच्या, हे ताईंच्याच स्टेटमेंटमध्ये आहे आणि ते तूच लिहून घेतलंयस. ॲस्बेस्टॉसची धूळ कपड्यांवरून घरात येते आणि घरच्यांना पण हाच आजार होऊ शकतो, डॉक्टरी जगात याला आता कोणी नाही म्हणत नाही. देव करो आणि कोणाला काही न होवो. पण समजा पस्तिशीत या मुलाच्या छातीत पाणी झालं, तर तो त्याचा स्वतःचा दावा असेल, बापाच्या मृत्यूचा नाही, आणि तू तो आजच तीस लाखात विकून बसलायस, तेही त्याला न विचारता. आईचा पण तसाच. क्लॉज असा कर की ही तडजोड फक्त वडिलांच्या आजार आणि मृत्यूबद्दलच्या दाव्यापुरती आहे, आई आणि मुलाच्या स्वतःच्या शरीराला पुढे काही झालं तर ते हक्क शाबूत राहतील. कंपनी कुरकुर करेल. करू दे. एवढ्यासाठी ते तडजोड मोडणार नाहीत, आणि मोडलीच तर त्या क्लॉजला ते केवढे घाबरतात हे तरी कळेल.

मग वाटणी. ड्राफ्टमध्ये तीसचे तीस लाख ताईंच्या खात्यात आणि पुढे एक वाक्य की त्या मुलाच्या शिक्षणासाठी वापरतील. असं चालत नाही रे. मूळ दाव्यात तीन वादी आहेत, ताई, मुलगा आणि सासूबाई, कायद्यात आईबापाचा पण हिस्सा आहे आणि कोणाला किती हे कोर्ट ठरवतं. आजींना वगळून टाकलंस ते कोणाच्या सांगण्यावरून ते मला माहीत आहे, तो दीर फोनवर माझ्याशी पण फार गोड बोलला. टिटवाळ्याला रूम बघितलीय म्हणे, सगळ्यांच्या नावावर घेऊ म्हणे. ताई पैसे उडवतील असं मला अजिबात वाटत नाही, त्यांच्याएवढा हिशोबी माणूस मी कमी बघितलाय. पण नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईला घरातले चार पुरुष रोज संध्याकाळी समजवायला बसले तर ती किती दिवस नाही म्हणणार? मुलाचा हिस्सा कोर्टाच्या हुकमाने एफडीत असेल तर तिला म्हणता येतं की भावजी, ते पैसे कोर्टाचे आहेत, मला हात लावता येत नाही. तिची ढाल आहे ती. तू तिला ते बंधन म्हणून समजावलंस म्हणून ती रडली.

पण उलट टोकाला पण जाऊ नकोस. काही वकील एवढे घाबरतात की सगळंच मुलाच्या नावावर अठरापर्यंत बंद करून टाकतात, आणि मग जूनमध्ये शाळेची फी भरायला आई मंगळसूत्र गहाण ठेवते. आधी ताईंसोबत बसून खर्च लिहून काढ. उपचाराची उधारी किती, कोणाची, सावकाराचं व्याज चालू आहे का, भाडं, फी, क्लास, आजींची औषधं. उधारी आणि सहा महिन्यांचा घरखर्च ताईंच्या हिश्शातून रोख, आजींचा हिस्सा आजींच्याच खात्यात, आणि मुलाचे समज १२ लाख एफडीत, व्याज दर महिन्याला ताईंच्या सेव्हिंग खात्यात. ७ टक्के धरलं तरी महिन्याला ७,००० येतात, भांडुपला त्यात घर चालत नाही पण शाळा चालते. एकच मोठी एफडी नको, तीन-चार कर, एक दहावीच्या वर्षी मोकळी होईल अशी, बाकीच्या अठराव्या वाढदिवसाच्या तारखेला. व्याजावर टॅक्स बघताना ते आईच्या उत्पन्नात धरतात, ते एकदा सीएला विचारून घे.

हे सगळं मी मनाने सांगत नाहीये. सुप्रीम कोर्टाने सुसम्मा थॉमसच्या केसमध्ये मोटार अपघाताच्या भरपाईसाठी हीच पद्धत घालून दिली, अज्ञान मुलाचे पैसे सज्ञान होईपर्यंत लाँग टर्म एफडीत, व्याज दरमहा पालकाला, एफडीवर कर्ज नाही, आणि अडचण आली तर कोर्टाकडे अर्ज करून पैसे काढायची मुभा. ही शेवटची मुभा तुझ्या टर्म्समध्ये नाहीये. टाक. उद्या पोराला ऑपरेशन लागलं तर ताईंनी परत नवी केस करायची का?

आणि अठरा म्हणजे अठरा. ड्राफ्टमध्ये तू २१ लिहिलंयस, कोर्टाने पालक नेमला तर २१ हे १९९९ च्या दुरुस्तीपूर्वीचं आहे, कुठल्यातरी जुन्या फाइलमधून कॉपी मारलेलं दिसतंय. अठराव्या वर्षी पैसे त्याचे, मग तो बाइक घेवो नाहीतर डिप्लोमा करो.

फीचं पण लिहिते, तुला आवडणार नाही तरी. निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेणं वकिलाला मना आहे, बार कौन्सिलचा नियम आहे, आणि मुलाच्या हिश्शातून तर एक रुपया पण नको. ज्या "सोशल वर्कर" भाऊंनी ही केस तुझ्याकडे आणली ते दहा टक्के मागतायत असं ताई बोलता बोलता म्हणाल्या. ॲफिडेव्हिटमध्ये एक ओळ घाल की या रकमेतून कोणालाही कमिशन द्यायचं नाही आणि दिलेलं नाही, आणि ती ओळ भाऊंना आधीच वाचून दाखव.

तारखेला ताईंना घेऊन जा. साहेब बहुतेक त्यांच्याशी मराठीतच बोलतील, किती मिळतायत, कुठे ठेवणार, कोणी जबरदस्ती केली का. पढवून नेऊ नकोस, पोपटपंची लगेच कळते. टर्म्स मात्र आधी घरी जाऊन मराठीत नीट समजावून सांग, दीर नसताना, आणि आजींना पण बसव. मुलाच्या जन्मदाखल्यावरची तारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळते का बघ. एफडीची मॅच्युरिटी त्या तारखेवर चालणार आणि बँकेचा क्लार्क एका दिवसाच्या फरकावरून माणसाला सहा महिने फिरवतो. ऑर्डरमध्ये बँकेचं नाव, शाखा, खात्याचा प्रकार, सगळं लिहून घे, "नॅशनलाइज्ड बँकेत" एवढंच मोघम असलं की शाखेवाले हात वर करतात. सर्टिफाइड कॉप्या दोन काढ, एक ताईंकडे राहू दे.

नवीन ड्राफ्ट शुक्रवारपर्यंत पाठव, क्लॉज ११ लाल रंगात कर म्हणजे मला शोधायला नको. आणि समोरच्या वकिलाला मी फोन करणार नाहीये, तूच कर.

तुझी मॅडम