दाजींचं एवढं सगळं कसं फेडू?

"मॅडम, त्यांनी एवढं केलंय माझ्यासाठी, मी हे फेडणार कसं?" समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी दिराबद्दल, कधी मेव्हण्याबद्दल, पण जास्त करून बहिणीच्या नवऱ्याबद्दल. आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद नसतो, ओझं असतं. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिशीतला मुलगा, सांगलीकडचा, पुण्यात अकाउंट्सचं काम करतो. बारावीत असताना वडील गेले आणि तेव्हापासून सगळीकडे दाजीच. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा दाजींच्या, एज्युकेशन लोनला जामीन दाजी, आईच्या ऑपरेशनला रात्री दवाखान्यात दाजी, ते पण स्वतःचं खत-बियाण्याचं दुकान सांभाळून. आता ह्याला झोप लागत नव्हती, दाजींचा फोन आला की धडधडायचं आणि मग उचलायचाच नाही. त्यात चुलत्यांनी डोक्यात भरवलेलं की फुकट कोण करतंय, जमिनीतल्या बहिणीच्या हिश्श्यावर डोळा आहे त्यांचा.

ते हिश्श्याचं मी आधी बाजूला काढलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, तो हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं दिलाय, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. बहिणीनं हिस्सा घेतला तर ती दाजींची वसुली नव्हे आणि सोडला म्हणून दाजी थोर ठरत नाहीत. हे दोन विषय घरोघरी एकात एक कालवले जातात, कृपा करून तसं करू नका.

मग त्यानं मोबाईलमधली एक्सेल दाखवली. फी, हॉस्टेल, डिपॉझिट, सगळं तारखेनिशी.

मी विचारलं, "दाजी चहात साखर किती घेतात?"

गप्प.

"सध्या त्यांना कसली काळजी आहे?"

"माहीत नाही."

"त्यांच्याशी शेवटचं भांडण कधी झालं?"

"दाजींशी? त्यांच्याशी कसं भांडणार मॅडम!"

"सख्खा मोठा भाऊ असता तर?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "ताईच्या लग्नात कान मीच पिळला होता त्यांचा. एवढा जोरात की दाजी ओरडले, सगळा मांडव हसला. तेव्हा भीती नव्हती वाटत." आणि रडायलाच लागला. "मी त्यांचा सावकार करून ठेवला हो."

हे वाक्य त्याचं त्याला सापडलं, मी फक्त थांबले होते, आणि इतक्या वर्षांच्या कामात मला हे थांबणंच सगळ्यात मोलाचं वाटत आलंय. मी अल्बर्ट एलिस ह्या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. कृतज्ञता माणसाला त्रास देत नाही, त्रास देतो तो हट्ट, की मी हे फेडलंच पाहिजे नाहीतर मी नालायक. तो हट्ट आला की समोरचा माणूस दिसेनासा होतो, फक्त आकडे दिसतात. दाजींनी कधी हिशोब मागितला नव्हता, तो ह्यानंच मांडला होता.

त्याला म्हटलं, आभार राहू द्या, आधी फोन करून त्यांची विचारपूस करा. केला, तर कळलं की दुकानाची उधारी भयंकर थकलीय, शेतकरी खत नेतात, ऊसबिल आलं की देतो म्हणतात आणि बिल लांबलं की सगळं अडकतं. घरात अकाउंट्सवाला भाऊ असून दाजी वही एकटेच बघत होते!

तुमच्याकडे असा माणूस असेल तर भारी गिफ्ट, 'तुम्ही नसता तर' वगैरे नको. त्यांनी केलेली एकच गोष्ट नेमकी सांगा, त्या दिवशी तुम्ही तलाठ्याकडे आलात तेव्हा मला घरात कोणीतरी मोठं आहे असं वाटलं, एवढं पुरे. आणि त्यांच्या कामाला या, त्यांना तुमच्याकडे काही मागता येऊ द्या. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

आता रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर उधारीची वही काढून बसतात. दोन गिऱ्हाइकांना माल बंद करा म्हणून हा अडून बसला, दाजी चिडले, "मला गावात राहायचंय, तुला काय कळतंय," आवाज चढले, ताईला मध्ये पडावं लागलं. एकाचा माल बंद झालाय, दुसऱ्यावरून अजून जुंपते.