स्मृतिचाचणी घेण्याआधी एवढं बघाच

आधी आजोबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे ना, ते बघा. गिरगावातल्या चाळीत खिडकीखाली रस्ता सतत गजबजलेला. ऐकलेले आकडे तसेच परत म्हणायच्या चाचणीत आकडे आठवत नाहीत असं आपल्याला वाटतं, पण कित्येकदा ते नीट ऐकूच आलेले नसतात. खिडकी लावा. सेकंदाला एकच आकडा, सुटा म्हणा. ‘चोवीस, सदतीस’ अशा जोड्या केल्यात की चाचणी सोपी होते.

१९७५ची एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन, म्हणजे स्मरण, लक्ष वगैरे तपासणारी छोटी प्रश्नावली) ३० गुणांची. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे: ९३, ८६, ७९, ७२, ६५. चौथीत शाळा सुटलेल्या आजी इथे अडल्या, तर लगेच विस्मरणाचा शिक्का मारू नका. शिक्षणाची वर्षं आधीच नोंदवा. आणि शेजारून उत्तरं पुरवणाऱ्या नातेवाइकांना गोड बोलून बाहेर बसवा.